पायाळूची कंबर

माझी कंबर धरली तेव्हा अख्ख्या वस्तीनं मला एकच प्रश्न विचारला. ‘लई दुखतंय का?’ असा नाही. ‘पायाळूची कंबर कशी काय धरती?’ असा. ही बाई खोटं बोलतेय हे आधी ठरवून मग विचारलेला प्रश्न होता तो. आज इतकी वर्षं झाली, पाय जाग्यावर आला, तरी तो प्रश्न आठवला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून लिहायला बसलेय. कंबरेच्या आणि नसेच्या दुखण्यातनं जाणाऱ्या बायकांसाठी लिहितेय, आणि त्यांना ‘सोंग करती’ म्हणणाऱ्यांसाठी तर जास्तच.

आधी पायाळू म्हणजे काय ते सांगते. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी येतात, तो पायाळू. आमच्याकडं मानतात की पायाळू माणसानं लाथ लावली की उसण भरलेली कंबर सुटते. माझं माहेर शिरूर तालुक्यात, पाबळजवळ. मी पाच वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळी आमच्या दारात माणसं उभी असायची. नियम ठरलेला. चूळ भरायच्या आत यायचं, उंबऱ्यावर चौकट धरून पाठमोरं उभं राहायचं आणि तोंडातनं शब्द काढायचा नाही. दोघांतलं कुणीही बोललं की गुण जातो. मी उजव्या पायानं तीनदा कंबरेला लावायची, की माणूस मागं न बघता चालायला लागायचा. गावात दरारा असलेले आबा-आप्पा माझ्यापुढं मुकाट पाठ करून उभे राहायचे. मला त्याची भारी ऐट होती.

साधी उसण चार-आठ दिवसांत आपली आपणच सुटते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सुटली की नाव माझ्या पायाचं व्हायचं.

लग्न करून मी दौंड तालुक्यात आले, राहूच्या शिवारात. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. माझ्या आधी माझ्या पायाचं नाव तिथं पोचलेलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला सांगायच्या, “आमची शालन पायाळू हाय बरं का.” नवीन म्हैस दाखवावी तशा दाखवायच्या मला. तरी सुरुवातीला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

वाफ्यात

आमच्या रानात शेवंती. फुलाचा तोडा म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. ऊन चढायच्या आत फूल निघालं पाहिजे, कारण यवतला हायवेवर पुण्याची गाडी कुणासाठी थांबत नाही. झाड गुडघ्याएवढं. पोटाला फडक्याची ओटी बांधायची, कंबरेत वाकायचं आणि वाफ्याच्या या टोकाकडनं त्या टोकाला जायचं. ओटी भरत जाते तसा भार पुढं ओढतो. तीन-साडेतीन तास असं. मग घरी येऊन उकिडवं बसून भाकऱ्या. मग पाणी, मग खुरपणी. बाईची कंबर सरळ कधी व्हायची, तर झोपल्यावर. आणि झोपायचं सगळ्यांत शेवटी.

एका तोड्याला कंबरेत कट्‌कन झालं आणि उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत शॉक बसल्यासारखी कळ गेली. मी ओटीसकट वाफ्यात गुडघ्यावर आले. आत्याबाई पुढच्या वाफ्यात होत्या. त्यांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाल्या, “आगं उठ की. गाडी जाईल.”

मी उठले. तेव्हा उठायला नको होतं, पण उठले.

पुढं महिनाभर तसंच काढलं. शिंकलं तरी पायात कळ जायची. यवतच्या डॉक्टरनं दोन सुया दिल्या, ताकदीची बाटली लिहून दिली आणि म्हणाला, “बायकांची कंबर दुखतेच.” का दुखते बाबा? बायकांच्या कंबरेचं हाड काय वेगळ्या मातीचं असतं का? पण तेव्हा माझ्यात एवढं बोलायची धमक नव्हती. बाटली घेऊन घरी आले.

वस्तीवरच्या बायका बोलायच्या ते कानावर यायचंच. “लोकांच्या कंबरा सोडवती आन् हिची धरली म्हनं. कामचुकार मेली.” आणि कहर असा की याच बायकांचे नवरे, सासरे रविवारी दारात पाठ करून उभे! एका रविवारी मला उजवा पाय वीतभरसुद्धा उचलवेना. मी म्हणाले, “मामा, माझंच आंग धरलंय. तुम्ही जावा.” तर ते मामा भडकले. मी बोलले म्हणून! नियम मोडला म्हणून! आमच्या ह्यांच्याकडं तक्रार करून गेले.

पायाळूला पायाळू

मग घरात विचार झाला. मला न विचारता. पायाळूची कंबर धरली तर ती साध्यासुध्या औषधानं सुटायची नाही, तिला दुसरा पायाळूच लागणार, असं आत्याबाईंनी काढलं आणि ते सगळ्यांना पटलं. शिरूरकडचे किसनमामा म्हणून एक पायाळू होते. पूर्वी तालमीत जायचे, अंगानं भरभक्कम. त्यांना बोलावणं गेलं.

मी ह्यांना म्हणाले, “आहो, नको. मला भ्या वाटतंय.”

हे म्हणाले, “लोकांना लाथा घालताना भ्या वाटलं नव्हतं. आता एवढं काय?”

आमचे हे वाईट माणूस नाहीत, हे पुढं कळेलच. पण त्या दिवशी हे असं बोलले आणि मी ते विसरलेले नाही.

रविवारी सकाळी मी उंबऱ्यावर चौकट धरून उभी राहिले. जन्मभर ज्यांच्या पाठी बघितल्या, त्यांच्या जागी. आत्याबाई कानाशी येऊन म्हणाल्या, “काय बी झालं तरी बोलू नगंस. बोललीस की गुन गेला.” पहिली लाथ हलकी लागली. दुसरीला मी ओठ चावला. तिसरी खाली, माकडहाडाच्या वर बसली आणि माझ्या तोंडातनं ‘आई गं’ निघालं.

संध्याकाळी कळ होती तशीच, उलट वाढलेली. तर आत्याबाई शेजारणीला काय सांगत होत्या? “किसनमामांचा पाय चांगला हाय ओ. हीच वराडली मधी. मग कसा यायचा गुन?”

म्हणजे लाथ बसली मला, कळ आली मला आणि गुन्हाही माझाच! दुखल्यावर ओरडले हा गुन्हा.

तिसऱ्या दिवशी मी विहिरीकडनं येत होते. आत्याबाई मागनं ओरडल्या, “आगं ये भवाने, एका चपलीवर कुठं निघालीस?” मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. पन्नास पावलं मागं बांधावर पडली होती आणि मला पत्ता नव्हता. ढेकळावर पाय पडतोय, काटा टोचतोय, काहीच कळत नव्हतं. अंगठा उचलून बघितला. उचलला जाईना. माझा तो नावाजलेला पाय, मी त्याला हाक मारतेय आणि तो वळून बघत नाही. मी तिथंच बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले. यावेळी आत्याबाई मागं जाऊन माझी चप्पल घेऊन आल्या.

माझा पाय, मला सांगा

दौंडच्या हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला, किल्लीनं तळपायावर रेघ ओढली आणि मला अंगठा वर करायला सांगितलं. मी सगळी ताकद लावली. अंगठा थोडासा थरथरला, बस. डॉक्टर ह्यांच्याकडं वळले आणि सांगायला लागले, “यांची नस दाबली गेलीय. यांना वाकू देऊ नका. यांना...”

मी टेबलावर उघड्या पायानं बसलेली आणि माझ्या अंगठ्याची बोलणी माझ्या नवऱ्याशी चाललेली. कुठनं बळ आलं देवजाणे, मी म्हणाले, “डॉक्टर, पाय माझा हाय. काय सांगायचं ते मला सांगा.”

हे खाली बघायला लागले. पण त्या डॉक्टरांचा मोठेपणा असा की त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली आणि परत पहिल्यापासून सांगितलं. मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसलीय. पुण्याला जाऊन मोठ्या मशीनवर फोटो काढायचा. अंगठ्याची ताकद सहा आठवड्यांत वाढायला लागली तर ऑपरेशन टळेल. पाय आणखी लुळा पडला, लघवी अडली किंवा जांघेत बधिर झालं, तर त्याच दिवशी यायचं, एक दिवसही थांबायचं नाही. हे तुम्हीही लक्षात ठेवा बायांनो. तसं काही झालं तर माझं वाचत बसू नका, दवाखाना गाठा.

मी विचारलं, “लाथेनं झालं का हे?” डॉक्टर म्हणाले, तसं खात्रीनं सांगता येणार नाही, गादी आधीच सरकलेली असणार. बरं. त्यांना खात्री नसेल.

सहा आठवडे. पाय येतो की जातो ते सहा आठवड्यांत ठरणार होतं.

त्यातले पहिले दहा दिवस दवाखान्यात गेले. पायाला पट्टे आणि पट्ट्यांना वजनं टांगलेली. वजनं आहेत तोवर कूससुद्धा बदलायची नाही. सकाळी फिनेलचा वास आला की समजायचं आया आली, मग भांडं. परक्या बाईसमोर पडल्या पडल्या भांड्यावर बसवून घेणं काय असतं ते मी सांगत बसत नाही. ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे. आया भांडं काढताना म्हणायची, “तरनीताठी तू, आन् तुला काय झालंय गं?” तीसुद्धा! मी दिवसभर पांघरुणाबाहेर काढलेल्या अंगठ्याकडं बघत बसायची. हल रे बाबा, म्हणायची. आत कुठंतरी वाटायचं, इतक्या लोकांच्या पाठीला लावलास, त्याचं काही पाप लागलं का काय तुला. एकटं पडलं की डोकं असं कुठंही जातं.

मेरीबाई

शेजारच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेली म्हातारी होती. तिला भेटायला रोज एक बाई यायच्या. पांढरे आखूड केस, फुलाफुलांचा झगा, हातात कापडी पिशवी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरकडच्या मेरीबाई. जन्मभर नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या. नोकरीत रोगी उचलून उचलून त्यांची कंबर गेली होती आणि योगासनं शिकून त्यांनी ती सावरली होती.

वजनं काढल्यावर एकदा मी उठायला लागले, तर त्या तिकडनं ओरडल्या, “अरे, रुको! असं सीधा नाही उठायचं! मारायचंय का कंबरेला?” आल्या, माझ्या खांद्याला हात लावला. “पहिले गुडघे वाकव. आता सगळं अंग एकदम वळव, मणका मध्ये पिळायचा नाही. कुशीवर. आता पाय खाली सोड, हातानं रेट दे. देख.”

मी उठून बसले आणि कळ आली नाही. दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा उठताना कळ आली नाही! मला तिथंच रडू फुटलं. मग लगेच राग आला. उठायचं कसं, एवढी साधी गोष्ट, आणि इतक्या दिवसांत एका माणसानं मला सांगू नये?

मी म्हणाले, “मला शिकवा.”

त्या म्हणाल्या, “डॉक्टरला विचारल्याबिगर मी हात लावणार नाही.” गेल्या, विचारून आल्या. आणि मग जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं, “बोल बेटा, कुठं दुखतं? कसं दुखतं? बोल, मला घाई नाही.”

मी बोलत सुटले. लहानपणापासून मी लोकांची दुखणी मुक्यानं काढत आले होते. दुखणं सांगायचं असतं, हे मला त्या खाटेवर कळलं.

त्यांचा योग म्हणजे टीव्हीवर दाखवतात तसा पाय मानेत अडकवायचा नव्हता. पहिला आठवडा तर नुसतं उताणं पडायचं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायच्या, पोटावर हात ठेवायचा आणि श्वास कुठवर जातो ते बघायचं. मग गुडघे मिटून दोन्हीकडं हळू झुलवायचे. मग रांगत्या पोरासारखं होऊन पाठ वर-खाली, श्वासाबरोबर. मग पालथं पडून कोपरांवर जरा उचलायचं. प्रत्येक हालचालीला त्यांचं एकच टुमणं, “दुखण्याच्या अलीकडं थांब. दुखणं दिसलं की मागं फिर. उद्या ते एक पाऊल मागं सरकेल.” मला पहिले काही दिवस वाटलं, ही बाई मला येडी करतेय. एवढ्याशा हलण्यानं काय होणार? पण आठव्या-दहाव्या दिवशी, तोवर मी घरी गेलेली, पोटरीतली कळ मांडीपर्यंतच येऊन थांबायला लागली. पुढच्या भेटीत सांगितलं तर मेरीबाई टाळी वाजवून म्हणाल्या, “वर चढतंय! अच्छा आहे! नस मोकळी होतेय!”

दार लावून

घरी आले आणि खरी लढाई सुरू झाली. कारण यातलं सगळं पडून करायचं. आणि सुनेनं दिवसाढवळ्या आडवं पडायचं म्हणजे काय हे आमच्याकडच्या बायांना सांगायला नको. ती आजारी तरी पाहिजे, नाहीतर बाळंतीण. मी दोन्हींत बसत नव्हते. मी चालत होते, बोलत होते, फक्त अंगठा उचलत नव्हता, आणि तो कुणाला दिसणार?

पहिल्याच दिवशी मी पडवीत सतरंजी टाकली, स्टुलावर पाय ठेवले. दारावरनं जाणारी बाई थबकली. “काय गं, बरं नाय व्हय?” आत्याबाईंचा चेहरा कसानुसा झाला. ती गेल्यावर म्हणाल्या, “दार लावून कर काय करायचं ती थेरं. आब्रू काढायची न्हाई.”

मी दार लावून केलं. फुलांच्या करंड्या ठेवतो त्या खोलीत, एका सतरंजीएवढ्या जागेत, दिवसातनं तीनदा. बाहेरनं आवाज यायचा, “सूनबाई कुठं हाय?” आणि उत्तर यायचं, “लोळतीय.” मी आत श्वास मोजत असायची आणि रागानं मोजणी चुकायची. मेरीबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “राग आला तर येऊ दे. फक्त त्याला कंबरेत ठेवू नको. दात सोड, खांदे सोड.” ते जमलं. राग गेला नाही, पण दात सुटले.

दुसरं भांडण स्टुलाचं. उकिडवं बसायचं नाही म्हणून मी चूल सोडून उभ्यानं गॅसवर भाकरी करायला लागले आणि जेवताना स्टुलावर बसले. “सासू भुईवर आन् सून शिंहासनावर!” आठ दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मला एवढा आराम कधी मिळाला नव्हता.

आता ह्यांच्याबद्दल. दवाखान्यातनं आल्यापासून हे रोज संध्याकाळी खराट्याची काडी घेऊन यायचे. मी डोळे मिटायची आणि हे काडी माझ्या पायावर ठेवायचे. “इथं लागतंय? इथं?” तोंडानं माफी मागणं ह्यांना ठाऊक नाही, घराण्यातच कुणाला ठाऊक नाही. पण ती काडी एक दिवस चुकली नाही. दर बुधवारी मला यवतपर्यंत सोडायचे, तिथनं शटल रेल्वेनं मी दौंडला मेरीबाईंकडं. डब्यात बसायला जागा असली तरी मी दाराशी उभी, दांडा धरून. बसण्यानं कळ वाढायची.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी डोळे मिटून बसलेली आणि एकदम म्हणाले, “आहो, अंगठ्याला कशाला काडी लावताय? गुदगुल्या होत्यात.” काडी थांबली. डोळे उघडले तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, “शालन, जरा उचलून बघ की.” मी बघितलं. अंगठा उठला. वाकडातिकडा, म्हाताऱ्यागत, पण उठला.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी स्वतःचा हात अंगठ्यावर दाबून धरला आणि मी तो रेटून वर केला. ते म्हणाले, “ऑपरेशन आता नको. चालू ठेवा.” आणि हे त्यांनी माझ्याकडं बघून सांगितलं.

मग

सगळ्यांचं असंच होतं असं मी म्हणणार नाही. माझ्याच ओळखीतल्या एका बाईला ऑपरेशन करावं लागलं आणि ती ठणठणीत आहे. मला पूर्ण सुटायला वर्ष लागलं. तोड्याला मी आता वाकत नाही. एक गुडघा टेकून तोडते, ओटीऐवजी शेजारी करंडी, आणि करंडी दोघांनी उचलायची. पहिल्यांदा वस्तीवरचे लोक हसले. आता दोन-तीन वाफ्यांत तसं चाललेलं दिसतं, आणि हसणाऱ्यांतल्याच बायका आहेत त्या.

पुढं टीव्हीमुळं गावोगाव योगाचं पेव फुटलं, तेव्हा आमच्या शाळेच्या मैदानावरही शिबिर झालं. पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस सगळ्यांना पाय पसरून गुडघ्याला नाक लावायला सांगत होता, आणि ज्याचं लागत नाही त्याच्या पाठीवर मागनं दाब देत होता. माझ्या मागं आला तशी मी उठले. म्हणाले, “माझ्या पाठीला हात लावायचा न्हाई. माझं काय दुखतंय ते आधी इचारा.” त्याला फार राग आला. येऊ दे. लाथ काय आणि हात काय, न विचारता पाठीवर पडला की सारखाच.

पाठमोरी

रविवारची माणसं यायची थांबली नव्हती. अंगठा आला हे कळल्यावर तर वाढली. मी लाथ लावायची बंद केली. आलेल्याला म्हणायची, “पहिल्यांदा सांगा, कुठं दुखतंय.” निम्मे तिथनंच परत जायचे. बोलायला लागणार म्हणून! दुखणं सांगण्यापेक्षा लाथ खाल्लेली परवडली त्यांना.

आणि एका रविवारी मी पडवी झाडून वळले, तर उंबऱ्यावर आत्याबाई. चौकट धरून. पाठमोऱ्या. तोंडातनं शब्द नाही.

मी केरसुणी हातात घेऊन बघत राहिले. त्या कुबड काढून उभ्या होत्या, डावा पाय टेकत नव्हता. चाळीस वर्षं वाफ्यात वाकलेली ती पाठ. रोज डोळ्यांपुढं होती आणि मला कधी दिसली नव्हती, हे खरंच आहे. पण त्या क्षणी मला माया आली नाही. संताप आला. मला सोंगाडी म्हणालात, मला लाथा घालायला लावल्यात, मी ओरडले तर माझाच दोष काढलात, आणि आज इथं न बोलता उभं राहायचं? मुक्यानं मागायचं, म्हणजे मागितल्यासारखंही नको?

“बोला,” मी म्हणाले.

मान हलली. नाही.

“मी पाय उचलणार न्हाई, आत्याबाई. तोंडानं सांगा.”

चौकटीवरची बोटं पांढरी पडली. मग भिंतीला सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या, “दुखतंय.”

“कवापासनं?”

“तुझा नवरा रांगत हुता तवापासनं.”

माझ्या हातातली केरसुणी खाली पडली. “आन् मला नाटकं म्हनत होता?”

त्या अजून पाठमोऱ्याच. म्हणाल्या, “मला तरी कुनी इचारलं हुतं?”

मी सतरंजी आणली. तिथंच, पडवीत, उंबऱ्याच्या आत टाकली. त्यांना कुशीवर घेतलं, मग उताणं केलं, पोटऱ्या स्टुलावर ठेवल्या. त्याच स्टुलावर. त्या इकडंतिकडं बघत म्हणाल्या, “आगं, दार तरी लाव.”

“न्हाई लावनार.”

“शालन, लोकं बघतील.”

“बघू द्यात.” मी त्यांच्या पोटावर त्यांचा हात ठेवला. “श्वास कुठवर जातोय ते सांगा.”

तेवढ्यात शेजारीण पाण्याला निघालेली, ती दारात थांबलीच. घागर कंबरेवर, डोळे मोठे. “आगंबया! मावशी, दिसाउजेडी आडव्या? बरं नाय व्हय?”

मी तोंड उघडलं होतं, पण आत्याबाईच बोलल्या. डोळे मिटलेले, आवाज मात्र रस्त्यापर्यंत जाईल एवढा.

“कंबर दुखती माझी. लई वर्सं झाली दुखती. तुझी दुखत नसंल तर जा पुढं, आन् दुखत असंल तर ये आत.”

शेजारणीनं कंबरेवरची घागर खाली ठेवली.